बाटली फेकली, माणसाला कळवलं नाही

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या भावावर, आणि झाला १४ एप्रिल १९८६ नंतरच्या आठवड्यात. जयंतीच्या दिवशी आमच्या वसाहतीतल्या विहारात मंडळाने रक्तदान शिबिर ठेवलं होतं. दादा रांगेत पहिला. सातपूरच्या कारखान्यात फिटर; दंड असे की नर्सबाई म्हणाल्या, यांची शीर शोधायलाच नको. रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, कार्ड खिशात घातलं आणि संध्याकाळी मिरवणुकीत नाचला. आठवड्याभरात रक्तपेढीला काहीतरी कळलं. दादाला कळलं नाही. मे महिन्यात त्याचं लग्न झालं.

हा क्रम लक्षात ठेवा. आधी रक्त, मग लग्न.

दोन वर्षांनी, पावसाळ्यात, वहिनीला आठवा महिना लागला. बाळंतपणाला ती माहेरी, येवल्याकडे जायची होती. पण अंगात रक्त कमी म्हणून डॉक्टरांनी तिला इथेच थांबवलं आणि एक बाटली चढवावी लागेल म्हणाले. बाटलीच्या बदल्यात रक्त द्यायला दादा जुनं कार्ड घेऊन त्याच रक्तपेढीत गेला. खिडकीतल्या माणसाने कार्ड पाहिलं, आत जाऊन आला आणि म्हणाला, "तुमचं रक्त चालणार नाही." दादाने का म्हणून विचारलं. "चालत नाही म्हटलं ना."

घरी येऊन दादाने ते शब्द जसेच्या तसे सांगितले. आईचा पिठात गेलेला हात पिठातच राहिला. तुम्ही कुठल्या घरात जन्मलात मला माहीत नाही. आमच्या घरात 'तुमचं चालत नाही' याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. आजोबांना तो पाणवठ्यावर कळला होता, वडिलांना हॉटेलातल्या वेगळ्या कपावर.

मंडळाची पत्रकं मीच लिहायचो. त्या संध्याकाळच्या पत्रकाचा मथळा होता, 'जयंतीला चाललं, आता का चालत नाही?' पत्रक चांगलं होतं. आजही वाचलं तर मूठ वळते. सकाळी पोरं जमली आणि घोषणा देत आम्ही रक्तपेढीवर गेलो.

तिथल्या मुख्य डॉक्टरबाईंनी फक्त दादाला आणि मला आत घेतलं, दार लावलं. जातीचा यात काही संबंध नाही, म्हणाल्या. पटत नसेल तर तुझं रक्त आत्ता घेते. आणि घेतलं. वहिनीला बाटली मिळाली ती माझ्या रक्ताच्या बदल्यात. मग दादाकडे वळून त्यांनी सांगितलं की त्याच्या रक्तात एका काविळीची खूण सापडली होती. आजार यकृताचा, हिपॅटायटिस बी. तपासणीत दिसते त्या खुणेला ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणतात.

दादा हसला. "बाई, मी येवल्याच्या पुढे गेलो नाही कधी. ऑस्ट्रेलियाचं मला कुठून?"

ते नुसतं नाव आहे, म्हणाल्या. नीट न उकळलेल्या सुईतून येतं, न्हाव्याच्या वस्तऱ्यातून येतं, नवऱ्याकडून बायकोला जातं, बाळंतपणात आईकडून मुलाला जातं. एका ताटात जेवल्याने जात नाही. दादाला कुठून आलं ते आता कुणी सांगू शकणार नाही. मी विचारलं, हे सापडलं कधी? शिबिरानंतर लगेच, म्हणाल्या.

"मग याला कळवलं का नाही?"

"बाटली फेकून द्यायची, असा आमचा नियम आहे. माणसाला कळवायचं, असा नाही." मग म्हणाल्या, "आणि कळवून केलं काय असतं? यावर औषध नाही."

लग्न पुढे ढकललं असतं, मी म्हणालो. वहिनीला आधी तपासलं असतं. काहीतरी केलं असतं. बाई म्हणाल्या, लस निघाली आहे, पण आपल्याकडे नाही.

बाहेर पोरांच्या घोषणा चालूच होत्या. त्यांना काय सांगणार? खरं सांगितलं असतं तर उद्यापासून आमच्या घरचा चहा कुणी प्यायलं नसतं. मी बाहेर येऊन म्हणालो, मिटलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकाने दादाच्या खांद्यावर हात टाकला, "काय दादा, चाललं का मग आपलं रक्त?"

"चाललं," दादा म्हणाला.

परतताना पंचवटीच्या पुलावर तो थांबला. "जातीचं असतं तर बरं होतं रे. भांडता तरी आलं असतं." उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा माझ्या काखेत होता.

वहिनीची तपासणी केली, तर तिच्यातही निघालं. मोठ्या माणसांचं बऱ्याचदा आपोआप जातं, बाई म्हणाल्या, हिचं गेलेलं दिसत नाही. आता प्रश्न मुलाचा. जन्मल्यावर पहिल्याच दिवशी लस टोचली तर ते यातून सुटण्याची बरीच आशा. लस परदेशातून मुंबईत यायची, तिथून बर्फात ठेवून आणायची. मी मुंबईच्या औषधवाल्यांकडे हिंडलो. एकाकडे संपली होती. एकाला मोठ्या डॉक्टरची चिठ्ठी हवी होती. एकाने नाव लिहून घेतलं, आली की कळवतो म्हणाला. एका रात्रीत अख्खी वसाहत रस्त्यावर आणणारा मी, मला बोटाएवढी बाटली आणता येईना. पत्रक काढायचं तरी कुणाविरुद्ध?

वहिनी सगळं ऐकून घ्यायची. एकदाच म्हणाली, "सुई हाय म्हणता, अन् हितं नाय. मंग माझ्या लेकराला ती हाय कशी?"

मुलगी झाली, तारखेच्या आधीच. औषधवाल्याचा निरोप आला तेव्हा तिचं बारसं होऊन गेलं होतं. तरी गेलो, घेऊन आलो. बाईंनी टोचली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे तपासलं तेव्हा तिच्याही रक्तात तेच निघालं.

ती आता घरभर रांगते. गुटगुटीत आहे. माझी पत्रकं फाडते आणि खाते. मोठी झाल्यावर तिच्या यकृताचं काय होईल, बाईंना सांगता येत नाही. दादा तिला खांद्यावर घेतो, आणि ती झोपली की तिच्याकडे बघत बसतो. मी त्याला काय सांगू?

तुम्हाला मात्र सांगतो. तुम्ही कधी रक्त दिलंय? मग कार्ड शोधा, त्या खिडकीवर जा आणि विचारा: माझ्या रक्तात काय सापडलं? तिथे तपासलंच नसेल तर जिथे तपासतात तिथे जा. घरात कुणाचं लग्न ठरलं असेल, कुणाला दिवस गेले असतील, तर उद्याच जा. आणि 'चालतं', 'चालत नाही' एवढ्या उत्तरावर खिडकी सोडू नका.