गाडी उठून नाही राहिली

"दाबा बाबा, दाबा!" मी ओरडत होतो.

"दाबूनच राहिलो ना गा! पार पत्र्याले टेकवला!" बाबा माझ्याहून मोठ्यानं ओरडले.

उमरेड रोडवर एका ट्रॅक्टरला मागे टाकायला आम्ही उजवीकडे निघालो होतो आणि आमची गाडी त्या ट्रॅक्टरच्या बाजूलाच रेंगाळली, जशी काही त्याची तब्येत विचारायला आली होती. समोरून कोळशाचा ट्रक. केवढा? तर अर्धी खाण चाकं लावून निघाली आहे असं समजा. ट्रॅक्टरवाल्यालाच दया आली, त्यानं ब्रेक मारला आणि आम्ही कसेबसे आत घुसलो. त्या ट्रकच्या वाऱ्यानं माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या. बायको म्हणते, त्या आधीपासूनच होत्या.

ही गाडी महिन्याभरापूर्वी घेतलेली, जुनीच, पण आमच्यासाठी नवी. पेट्रोलवर चालणारी, बिनगिअरची, मांजरीसारखी मुकी. मी ऑफिसला दुचाकीनं जातो, त्यामुळे ती बाबांकडेच असायची. तिच्या आधीची आमची डिझेल गाडी महाल वस्तीत शिरली की आमच्या गल्लीतल्या भिंतींचे पोपडे पडायचे. बाबा अजून चौकात असतानाच आई इकडे तव्यावर पोळी टाकायची. या नव्या गाडीला मात्र आल्यापासून पिकअपच नव्हता. बाबा रोज सांगायचे, "उठून नाही राहिली गा," आणि मी रोज म्हणायचो, दाखवू.

आता दाखवणं भाग होतं. जून संपत आला होता, सोमवारपासून शाळा. माझ्या मुलीला शाळेत सोडायचं काम बाबांनी स्वतः मागून घेतलं होतं, आणि ती पुढच्या सीटवर बसणार हेही आजोबा-नातीचं परस्पर ठरलं होतं. ट्रकची हकीकत ऐकून बायकोनं आवाज चढवला नाही. गाडी नीट झाल्याशिवाय पोरगी तिच्यात बसणार नाही, एवढंच ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

बाबांविषयी एक गोष्ट मी त्या उन्हाळ्यात सगळ्या गल्लीला सांगितली होती. भर दुपारी गच्चीवरच्या कूलरमध्ये पाणी भरायला ते अनवाणी जायचे. आमची मे महिन्यातली गच्ची म्हणजे चिमणी उतरली तर भाजूनच उडते. मी चपला घालूनही तिथं नाचत जातो. बाबा मात्र पाईप धरून निवांत उभे, शेजारच्या गच्चीशी गप्पा मारत. आमच्या बाबांचे पाय लोखंडाचे, असं मी सांगायचो, आणि दर वर्षी थोडं वाढवायचो. यंदा त्यांच्या पायाखाली पापड भाजून झाले होते. आमच्या घरात साखर दोनच ठिकाणी, डब्यात आणि बाबांच्या रक्तात, हेही माझंच. लोक हसायचे. बाबाही हसायचे.

कामठी रोडवर आमचा एक मिस्तरी आहे. फेकण्यात माझा बाप. त्यानं एअर फिल्टर बाहेर काढला आणि यात तूर पेरता येते काका, असं जाहीर केलं. नवा टाकला. बाबा एक चक्कर मारून आले आणि मान हलवली. मग प्लग बदलले, बाबा पुन्हा गेले, पुन्हा तसेच आले. कुठं ब्रेक चिकटून तर नाही ना म्हणून त्यानं चारही चाकं उचलून हातानं फिरवली. ती भिंगरीसारखी फिरली. शेवटी स्कॅनर लावला, तर त्याचंही म्हणणं, गाडीला काही झालेलं नाही.

"बसा भाऊ," मिस्तरी मला म्हणाला आणि स्वतः चालवायला बसला. गाडी अशी सुटली की माझं पोट कामठी रोडवरच राहिलं आणि बाकीचा मी कन्हानच्या पुलाकडे. परत आल्यावर त्यानं किल्ली बाबांना दिली. मी त्यांच्या बाजूला बसलो, मिस्तरी मागे.

गाडी निघाली. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि जाताना काचेतून आत बघून गेला. मिस्तरीनं त्यावर काहीच फेकलं नाही. तो माणूस गप्प बसला, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

"बाबा, पूर्ण दाबा."

"पूर्णच दाबला."

मी खाली पाहिलं. पाय पेडलवर नुसता ठेवलेला होता, झोपलेल्या लेकराच्या अंगावर हात ठेवतात तसा. पेडल जेमतेम बोटभर खाली गेलेलं. पायात चप्पल नव्हती. ती कधीच निघून सीटखाली गेली होती आणि बाबांना त्याचा पत्ता नव्हता.

गाडी बाजूला घ्या म्हटलं. त्यांचा पाय उचलला गेला, हवेत जरा चाचपडला, मग ब्रेकच्या कडेवर पडला. रसवंतीच्या बाकापासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. हातभरच; यात मी काही वाढवलेलं नाही.

उतरून मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं, खाली बसलो आणि तो पाय हातात घेतला. तळव्यावर लिंबाएवढा फोड फुटून काळा पडला होता. गच्चीचाच. त्याच्या शेजारी मी अंगठा रोवला, नख पांढरं होईपर्यंत. बाबा उसाच्या चरकाकडे बघत होते. रस घेता का, असं त्यांनी मिस्तरीला विचारलं.

इतकी वर्षं ती डिझेल गाडी कशी चालवली मग, मी विचारलं.

"तिचा आवाज येत होता ना. आवाजावरून समजे मले, किती दाबला ते. हे बोलतच नाही."

"आणि ब्रेक?"

बाबा वाकले आणि सीटखाली हात घालून चप्पल शोधू लागले.

"अंदाजानं," ते म्हणाले.