शेडमागचा खड्डा

मी ताईकडे गेलो की दाजी मोटारसायकल काढून बाजारातून कोंबडी आणतात, आणि घरामागच्या शेडमध्ये हजारो कोंबड्या कलकलत असतात. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. तेव्हा दाजी म्हणाले, "त्या कंपनीच्या आहेत. आपण नुसत्या सांभाळायच्या."

पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, दरही कंपनीच ठरवणार. शेड मात्र दाजींनी कर्ज काढून बांधलेली, आणि विजेचं बिलही त्यांच्याच नावावर. फाटकावरच्या पाटीवर याला भागीदारी म्हटलंय. ज्याला पाहुण्यासाठी एक कोंबडी कापता येत नाही, तो कसला भागीदार?

परवा गेलो तर ऊन नुसतं भाजून काढत होतं. दुपारी वीज गेली आणि शेडमधले पंखे थांबले. ताई-दाजींनी गोणपाटं भिजवून टांगली, तरी पक्षी चोची वासून पटापट पडत राहिले. संध्याकाळी कंपनीचा सुपरवायझर आला. फोटो काढत म्हणाला, "मरतूक जास्त आहे. तुमच्या पैशांतून कापली जाणार."

"अहो, वीज काय आम्ही घालवली?" ताईने विचारलं. त्याने पुढचा फोटो काढला.

दाजी शेडमागे खड्डा खणायला लागले. मी पाट्या भरभरून मेलेले पक्षी नेऊन टाकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. सकाळी यातल्या एकाही पक्ष्यावर दाजींचा हक्क नव्हता. आता मात्र सगळे त्यांचेच होते.