कावूनबाई

बाईंना कुठलीही गोष्ट सांगितली की त्या चष्मा नाकावर वर ढकलत, मान तिरपी करत आणि विचारत, "कावून?" बाई मूळच्या नगरच्या. तिकडं नुसतं 'का' म्हणतात. पण बीडला आल्यावर एका भाजीवालीच्या तोंडून त्यांनी हा शब्द ऐकला आणि त्या त्याच्या प्रेमातच पडल्या. "'का' म्हटलं की माणूस दचकतो. 'कावून' म्हटलं की बसून सांगतो," असं त्या म्हणायच्या. गावानं त्यांचं नावच कावूनबाई करून टाकलं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले. पण वरून हुकूम आला, की ज्या अहलकाराला बढती हवी त्यानं औरंगाबादेला जाऊन इंग्रजी निबंधाची परीक्षा द्यावी. अहलकार म्हणजे कचेरीतला कारकून, आणि मी त्यांतलाच एक. बत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. इंग्रजी कामापुरतं येई, पण निबंध हा काय प्रकार असतो ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त मुलींच्या छोट्या शाळेवरच्या या बाईंना. पन्नाशीची ख्रिस्ती विधवा, पांढरं लुगडं, दोऱ्यानं बांधलेला चष्मा. एका बाईपुढं पाटी घेऊन कसं बसायचं, या विचारात परीक्षेला बसणाऱ्या आम्ही तिघा अहलकारांनी महिना घालवला. शेवटी माझी बायको म्हणाली, "बाईकडून शिकायची लाज वाटती, अन् बाईच्या हातचं खायची न्हाई वाटत?" दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर आम्ही शाळेच्या ओसरीवर हजर झालो.

पहिला विषय गाय. मी लिहिलं, गाय हे उपयुक्त जनावर आहे.

"कावून?"

"दूध देते, बाई."

"म्हैस जास्त देते. मग?"

"सगळे असंच लिहितात."

"सगळ्यांचं मला ठाऊक आहे, केशवराव. तुमचं मत काय?"

घरात वडिलांचं मत असे, कचेरीत तहसीलदारांचं. माझं मत आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्या संध्याकाळी घरी जाताना रस्त्यात एक गाय बसली होती. तिच्यापुढं मी बराच वेळ उभा राहिलो आणि खरोखर विचार केला. गाय उठून निघून गेली, पण माझं मत काही ठरेना.

आमच्यातले मुन्शीजी अर्ज लिहिण्यात असे तरबेज, की जिल्ह्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. 'विहिरीचं पाणी चांगलं की नदीचं' या निबंधात त्यांनी पहिलं दीड पान सरकारची कीर्ती, वाचणाऱ्याचं औदार्य आणि स्वतःचं क्षुद्रपण यांवर खर्च केलं. बाईंची निळी पेन्सिल वरून खाली उतरली.

"मुन्शीजी, पाणी कुठं आहे? मी तहानेनं मेले!"

मुन्शीजींनी छातीवर हात ठेवला. "बाई, सलाम किए बगैर पानी कैसा पिलाऊं?"

बाई इतक्या हसल्या की चष्मा मांडीत पडला. पण ते दीड पान त्यांनी काही ठेवलं नाही.

तिसरे वडवणीचे बापूराव. जमीनदार घरातले, भल्या मोठ्या मिशांचे. बाईंचा नियम असा, की आपलं मत मांडण्याआधी विरुद्ध बाजू लिहायची, आणि ती अशी लिहायची की विरोधकानं उठून पाठ थोपटली पाहिजे. बापूरावांना चहाचा भारी तिटकारा. तेव्हा चहा गावात नुकताच येत होता आणि बापूराव त्याला 'सायबाचा काढा' म्हणत. म्हणून बाईंनी मुद्दाम त्यांना चहाची बाजू लिहायला लावली. चौथ्या दिवशी बापूराव लालबुंद होऊन आले.

"बाई, ह्ये काय बरं न्हाई झालं. कारणं शोधायला म्हणून घोटभर पिऊन बघितला."

"मग?"

"लई ग्वाड लागला! आता दिसातून तीनदा लागतो. माझ्याच निबंधानं मला बाटवलं!"

असं करता करता आम्हांला मतं फुटायला लागली. भाजीत मीठ, दाराचा रंग, शेजाऱ्याचा कोंबडा, कशावरही आम्ही दोन्ही बाजू मांडू लागलो. घरचे वैतागले. आणि एके दिवशी हे वेड कचेरीत बाहेर पडलं. आठवडी बाजार नदीपलीकडच्या माळावर न्यायचं तहसीलदारांनी ठरवलं. कागद माझ्या हातात देत ते सहज म्हणाले, "ठीक है ना?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "एक बाजू से ठीक है, जनाब."

सगळे बोरू थांबले. तहसीलदारांनी वर पाहिलं. "और दूसरी बाजू से?"

"बारिश में नदी को पूर आता है. लोग कैसे जाएंगे?"

"कल तक लिख के लाओ. अंग्रेजी में. बात में दम न निकला, तो तुम्हारी बदली."

बदली म्हणजे पाटोद्याच्या डोंगरात. बायको, लेकरं, म्हातारे वडील, सगळं उचलून न्यायचं. मी धावतच ओसरी गाठली. "बाई, एवढं लिहून द्या!"

"एक अक्षर देणार नाही," बाई म्हणाल्या. "बसा. मी विचारते, तुम्ही सांगा."

दिवेलागणीपर्यंत त्या विचारत राहिल्या. बापूरावांना त्यांनी खुर्चीवर बसवून तहसीलदार केलं. बापूरावांनी माळावरच्या बाजाराची बाजू अशी आवेशानं लढवली, की मी एकदा खरंच त्यांच्या अंगावर धावून गेलो. मुन्शीजींनी मध्ये पडून सोडवलं. बाई म्हणाल्या, "छान! आता हेच कागदावर."

दुसऱ्या दिवशी तहसीलदारांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग हसून म्हणाले, "हमारी बात तुमने हमसे अच्छी कही, और फिर गिरा दी!" पावसाळ्याचे चार महिने बाजार अलीकडंच भरावा, असा हुकूम निघाला. आम्ही तिघे पागोटी सांभाळत, जिलबीचा पुडा घेऊन भर रस्त्यानं पळत शाळेत गेलो. बाईंनी नक्कल वाचली, जिलबी खाल्ली आणि पाकाचं बोट कागदावर ठेवलं. "इथं 'the' राहिला."

परीक्षेत मी आणि मुन्शीजी पास झालो. बापूराव नापास. त्यांनी विरुद्ध बाजू इतकी रंगवली, की स्वतःचं मत लिहायलाच विसरले. "गेलतो तिकडं, बाई. माघारी यायचंच ऱ्हायलं," ते म्हणाले. पुढच्या वर्षी तेही सुटले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बाईंनी आम्हां तिघांना बोलावलं आणि इंग्रजीत लिहिलेला एक कागद पुढं ठेवला. विषय होता, मी नगरला जावं की बीडला राहावं. निळी पेन्सिल माझ्या हातात देत म्हणाल्या, "आज तुम्ही तपासा."

जाण्याच्या बाजूला लिहिलं होतं, की तिकडं मास्तरणी तयार करायची शाळा निघते आहे, तिथून शिकलेल्या मुली खेड्यापाड्यांत शिकवायला जातील. थकलेली बहीण तिकडं एकटी आहे. राहण्याच्या बाजूला हे गाव होतं, ही ओसरी होती, आणि आम्ही तिघे होतो.

बापूराव माझ्या कानात म्हणाले, "ऱ्हावा म्हणून सांग की बे!" मुन्शीजी खाली बघत होते. आम्ही म्हटलं असतं तर बाई राहिल्या असत्या, हे तिघांनाही कळत होतं. मी कागद पुन्हा वाचला.

"बाई, जाण्याची बाजू भक्कम आहे. राहण्याच्या बाजूला नुसती माया आहे."

मुन्शीजींनी मान हलवली. "सही है, बाई. जाइए."

बापूराव मात्र चिडले. "लईच शिकवलं तुमी, बाई! जरा कमी शिकवलं असतं, तर ऱ्हायला असता."

बाईंना हसू फुटलं. ओसरीच्या खांबाला धरून त्या हसत राहिल्या, त्यांचं बघून आम्हीही हसलो, आणि त्या हसण्यात कोण किती वेळ डोळे पुसत होतं ते कुणी पाहिलं नाही. चार दिवसांनी त्यांची बैलगाडी नगरच्या वाटेला लागली.