दादानं उघडावा असा मेल

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. थोरला भाऊ, आमचा दादा, नोकरीसाठी जर्मनीला गेला होता. ताईचे दिवस भरत आले होते आणि ती माधवनगरला सासरीच होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं खरं, पण आमचं माहेर कोयनानगरला. घाटाच्या वळणांतून न्यायला डॉक्टर नको म्हणाले, म्हणून आईच तिच्याकडे जाऊन राहिली होती.

दादानं मला बजावून ठेवलं होतं, "बाळ झालं की पहिला मेल मला. उशीर केलास तर बघ."

ताईला मुलगी झाली. दाजींचा क्लासवर फोन आला आणि मी शिकवणं सोडून कॉम्प्युटरपुढं बसले. माझा स्वतःचा ईमेल पत्ता नव्हता. मेल जायचा तो क्लासच्या पत्त्यावरून, क्लासच्याच इंग्रजी नावानं. सब्जेक्टच्या रकान्यात काय लिहावं याचा मी बराच विचार केला. भेटकार्डांच्या दुकानात पाहिलेलं सगळं आठवलं आणि मोठ्या अक्षरांत, चार उद्गारचिन्हं देऊन ठोकून दिलं, 'कंग्रॅच्युलेशन्स, गुड न्यूज इनसाइड'. मला ते फार झकास वाटलं होतं.

दादाचं उत्तर आलं नाही. मी तोच मेल पुन्हा पाठवला. तरी नाही. आठवडा उलटला. आई फोनवर म्हणाली, "पोरगी झाली म्हणून त्येला आनंद झाला न्हाई व्हय गं?"

"असं कसं म्हणतेस, आई?"

"मग दोन शब्द लिवायला काय झालं त्येला?"

दादा असा नव्हता. पण तो गप्प का होता, हे मलाही कळत नव्हतं.

क्लासचे मेल रोज सकाळी मीच बघायचे. त्यात निम्मा कचरा असायचा. कुणी लॉटरी लागल्याचं कळवायचं, कुणी घरबसल्या श्रीमंत करायचं. आत न डोकावता ते पुसून टाकायचं, हे माझं काम. त्या सकाळी पुसता पुसता एका ओळीवर माझा हात थांबला. 'कंग्रॅच्युलेशन्स, गुड न्यूज इनसाइड'. तेच शब्द, तीच मोठी अक्षरं, उद्गारचिन्हंसुद्धा. पाठवणारा कुणी तरी परका. मी खुर्चीतच हसायला लागले. आमच्या भाचीला दादानं लॉटरी समजून पुसून टाकलं होतं, आणि तेही दोनदा.

रविवारी मी एसटीनं सांगली गाठली आणि तिथून माधवनगर. आमचे वडील, आण्णाही कोयनेहून नात बघायला आले होते. मी सगळा घोटाळा सांगितला. आईला आधी पटेना.

"न उघडताच टाकून दिलं? कुणाचं हाय ते बघायचं तरी."

"नाव क्लासचं दिसतं गं, आई. आणि असले रोज ढीगभर येतात."

"मग अर्जंट लिही," आण्णा म्हणाले. त्यांची सगळी नोकरी वीजघरात गेली होती. तातडीच्या निरोपावर अर्जंट लिहायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं.

"ते लोकही अर्जंटच लिहितात, आण्णा."

"यू आर अंकल लिहायचं का?" दाजींनी विचारलं.

"तेही इंग्रजीतच झालं, दाजी. आपल्या घरातल्याशिवाय कुणाला लिहिताच येणार नाही असं काही तरी पाहिजे."

आण्णांनी थोडा विचार केला. "सुरुवात जयभीमनं कर. लॉटरीवाला काय जयभीम घालणार न्हाई."

हे सगळ्यांना पटलं. मग खाटेवरून ताई म्हणाली, "आणि पुढं लिही, धक्का बसला तवा लाडवाचा डबा घेऊन खाटंखाली कोण शिरलं होतं?"

आण्णा डोळे पुसेपर्यंत हसले. कोयनेला भूकंपाचे लहानमोठे धक्के बसतच. आम्ही लहान असताना एकदा सगळी वसाहत मैदानात धावली आणि आमच्यातलं एक पोर सापडेना. ते निघालं खाटेखाली, तोंड भरलेलं आणि डबा अर्धा रिकामा.

दुपारी दाजींच्या स्कूटरवरून सांगलीतल्या सायबर कॅफेत गेलो. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं. सब्जेक्टचा रकाना पुरतोय की नाही असं वाटावं इतकी लांब ओळ झाली. आत फक्त एवढंच लिहिलं, 'ताईला मुलगी झाली. दोघी मजेत. तू मामा झालास, आता तरी उघड.'

सोमवारी दुपारी क्लासमध्ये उत्तर येऊन पडलं होतं. त्याचा सब्जेक्ट होता, 'मी नव्हतो, ताईच शिरली होती'. आत त्यानं लिहिलं होतं की त्यानं हापिसात सगळ्यांना केक वाटला, मामा म्हणजे काय ते हातवारे करून समजावलं आणि आधीचे दोन मेल त्यानंच पुसले असणार. मी माधवनगरला शेजारच्यांकडे फोन लावला आणि आईला ते वाचून दाखवलं. आईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "केक वाटला म्हणतीस? लय बेस केलं पोरानं."

पुढं त्या दोघांचं भांडण सब्जेक्टच्या ओळींतूनच चाललं. ताई फोनवर सांगायची, मी टाइप करायचे. 'तोंडाला तूप तुझ्या होतं.' 'तूप पुसायला फडकं तुझंच होतं.' कधी कधी मेल उघडला तर आत काहीच नसायचं. क्लासचे मालक ते वाचून विचारायचे, "आवं मॅडम, शेवटी लाडू खाल्ले कुणी?"

"निकाल लागायचाय, सर," मी म्हणायचे.

बारशाच्या आदल्या दिवशी दादाचा मेल आला. भाचीसाठी त्यानं सुचवलेलं नाव सब्जेक्टमध्येच होतं, एकच शब्द. मी तो मोठ्या टायपात छापला आणि संध्याकाळच्या गाडीनं घेऊन गेले. आण्णांनी चष्मा लावून वाचला, आईनं दोनदा उच्चारून पाहिला. दुसऱ्या दिवशी दाजींच्या बहिणीनं ते नाव बाळाच्या कानात सांगितलं, आणि भाचीनं मोठ्ठी जांभई दिली.