चौथी ओळ

अड्यारच्या एका कचेरीत रंजनी बारा वर्षं वेबपानं दुरुस्त करते. संगणकावर देखणं दिसणारं पान फोनवर उघडलं की कुठे फोटो कडेबाहेर जातो, कुठे बटण अर्धं कापलं जातं, कुठे अख्खं पान आडवं सरकायला लागतं. त्याला वठणीवर आणायचं, एवढंच तिचं काम. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा वादिराज ओरगडमच्या कारखान्यातून परतताना अपघातात गेला. तेराव्यानंतर ती कामावर गेली, ती आजतागायत जातेच आहे. रडली नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर कसला डोंबलाचा! तिला काही वाटतच नव्हतं. ताट पुढे आलं की जेवायची, दिवा मालवला की झोपायची.

तिची आई सीतालक्ष्मी मात्र गप्प बसणारी नव्हे. तंजावरकडच्या मराठी मंडळींची वधूवर-यादी त्यांच्या मंडळाचे चिटणीस हंबीरराव इंटरनेटवर आणत होते, आणि पान करायला त्यांना फुकटची रंजनी सापडली होती. आईने लेकीचीही माहिती त्यात दिली, चार ओळी, आपल्या हाताने लिहून. रंजनीने त्या न वाचताच यादीत घातल्या.

हंबीररावांचा एकच हट्ट होता. फोनवर सगळ्यांचे चौकोन सारख्याच उंचीचे हवेत. एकाचा लांब, एकाचा आखूड, म्हणजे पंगतीत पानं वेडीवाकडी मांडल्यासारखं दिसतं. रंजनीने वाद घातला नाही. तीन ओळींनंतर मजकूर तोडायचा आणि पुढे तीन टिंबं टाकायची, असा नियम लिहून पाच मिनिटांत मोकळी झाली. अशाने दोष जात नाही, नुसता झाकला जातो, हे ती कचेरीतल्या नवख्यांना उठताबसता बजावत असे. स्वतःच्या वेळी तिला तेवढाही उत्साह नव्हता.

महिन्याभरात स्थळ आलं. श्रीपेरुंबुदूरला इंजिनीअर असलेला गिरीधर, आणि सोबत त्याची आई शशिकला. केसरी, म्हणजे केशरी शिरा, झाली, कॉफी झाली. मग शशिकलाबाईंनी सहज विचारलं, मुलगी एवढी शिकलेली, तर लग्न इतकं लांबलं कसं? सीतालक्ष्मी खाली बघू लागली.

"माझं लग्न झालं होतं," रंजनी म्हणाली. "नवरा गेला. चार वर्षं झाली."

शशिकलाबाईंनी पर्समधून फोन काढून तिच्यापुढे धरला. रंजनीचा चौकोन. शिक्षण, नोकरी, गोत्र, आणि तीन टिंबं. टिंबांवर बोट ठेवून काही उघडत नव्हतं.

"हें कुठं लिहिलंय? आम्हांस फसवलांत काय?"

गिरीधरने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि चपला शोधल्या. मायलेक निघून गेली.

कॉफीची भांडी उचलता उचलता सीतालक्ष्मी म्हणाली, "असूं दे ग तसंच. निदान कोणी दारीं तरी येतं."

रंजनीने लॅपटॉप उघडला आणि आईचा मजकूर पहिल्यांदा वाचला. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: पती कै. वादिराज, फार चांगला मुलगा होता.

स्थळं बघायच्या यादीत असलं कोण लिहितं! रंजनीच्या छातीत कळ आली, खरोखरीची, दुखणारी. यादीतल्या शेकडो ओळींत हीच एक ओळ तिच्या माणसाची होती, आणि ती तिने स्वतःच्या हाताने कापली होती. तिने नियम खोडला आणि मजकूर असेल तेवढा चौकोन वाढू दिला.

संध्याकाळी हंबीररावांचा फोन आला. पंगत पुन्हा बिघडली म्हणून ते कुरकुरत होते.

"सर्वांत लांब चौकोन माझाच आहे, मामा," ती म्हणाली. "तो तसाच राहील."

त्याला तीन महिने झाले. दुसरं स्थळ आलेलं नाही. सीतालक्ष्मी दुपारी चष्मा लावून फोनवर ते पान उघडते आणि चौथी ओळ मोठ्याने वाचते, रोज नव्याने कळल्यासारखी. गेल्या रविवारी रंजनी शेजारीच कपड्यांच्या घड्या करत बसली होती. आई "चांगला मुलगा होता"पर्यंत आली, आणि हातातल्या चादरीत तोंड खुपसून रंजनी रडली. चार वर्षांत पहिल्यांदा.