खतिजाबीची मुंगी

दिवाळी सरली की आमच्या आळीत आधी खतिजाबीची हाक यायची, मग तिच्या मुलाची कापूस पिंजायची धनुकली वाजायची. यंदा नुसती धनुकली वाजली. दारात रहीम एकटाच उभा. "अम्मा गेली, काकी. तीन हप्ते झाले..."

तो कापूस पिंजायचा, ती गाद्या शिवायची. वीस वर्षं आमच्याच ओसरीवर. जुनी गादी उसवली की मुंग्या निघायच्या. मी केरसुणी उचलली की ही बया आडवी! "थांबा वैनी, जाऊ द्या त्यांना." मग दोघी हात बांधून बसायचो. "आमच्या कुराणात मुंगीच्या नावाचा अख्खा अध्याय हाय, मधमाशीचाबी, कोळ्याचाबी." मी म्हटलं, "आणि ढेकणाचा गं?" ती खो खो हसली. "ढेकणाचा नाय. पण डासाचा दाखला द्यायला अल्ला लाजत नाय, असं हाय त्यात."

मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी थोरलीला पाहायला चांदवडची मंडळी आली. सोवळ्याची कडक माणसं. नेमकी तेव्हाच खतिजाबी डोक्यावर नवी गादी घेऊन दारात आली. "वैनी!" म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवून पोहे वाढत राहिले. "कोण हो ती?" पाहुणीनं विचारलं. "असेल कोणी फिरस्ती," मी म्हणाले. गादी पायरीवर ठेवून ती निघून गेली. हे आठवलं की आजही माझी मलाच शिसारी येते.

महिन्यानं आली ती हसतच. मला बोलूच देईना. "त्या मुंगीच्या अध्यायात हाय, सुलेमान बादशहाची फौज येताना मुंगी बाकीच्यांना म्हणाली, बिळात शिरा गं, नायतर तुडवतील, आन त्यांना कळायचंबी नाय. जीव जायची येळ, वैनी, तरी मुद्दाम तुडवतील असं नाय म्हणाली! मंग मी तुमचं वाईट का धरू? पाहुण्यांच्या गर्दीत दिसले नसंन मी."

"हो गं, गडबडच फार होती," मी म्हणाले. सुटले, असं वाटलं. पुढं दर हिवाळ्यात वाटायचं, यंदा खरं सांगून टाकू. ते राहिलं ते राहिलंच...

यंदा अम्मा गेल्याचं सांगितलं त्याच दिवशी रहीमनं आमची गादी उसवली. मुंग्यांची रांग निघाली. सून केरसुणी घेऊन धावली. "थांब, जाऊ देत," मी म्हटलं. रहीमनं धनुकली बाजूला ठेवली. न राहवून मी त्याला सगळं सांगितलं. "बाळा, त्या दिवशी तुझी आई मला दिसली होती रे."

तो मुंग्यांकडे बघत म्हणाला, "अम्माला ठाऊक होतं, काकी. घरी येऊन रडली होती ती."

रांग संपेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.