कार्बोरेटरमधलं कातडं

आमच्या वस्तीत मोटार घेणारा मी पहिला. अकोल्याच्या कोर्टात वकिली सुरू करून सात वर्षं झाली होती. एका डॉक्टरांनी म्हातारपणी दवाखाना बंद केला आणि त्यांची जुनी गाडी मी घेतली. त्यांच्या टिनाच्या शेडमध्ये ती दीडेक वर्ष नुसती उभी होती. घरी आणली त्या संध्याकाळी सगळी वस्ती तिला हात लावून पाहून गेली. बायकोनं हात लावला नाही. सगळे गेल्यावर म्हणाली, "मले शिकवसान काय?"

तिची आई बाळापूरला एकटी राहत असे. डोळे अधू होत चालले होते. बाळापूर सोळा मैल, पण माझे रविवार सभांमध्ये आणि पक्षकारांमध्ये जात. तिला स्वतःच्या हातानं गाडी घेऊन आईकडे जायचं होतं. मला ते आवडलंही. सभांमध्ये मी बायकांच्या शिक्षणावर तळमळीनं बोलत असे.

उन्हाळा होता. कापसाचा हंगाम संपून सरकी काढायचा जिनिंग कारखाना बंद होता. त्याच्या मागच्या पटांगणात मी तिला शिकवायला नेलं. बघायला अर्धी वस्ती आली. क्लच तिला दुसऱ्याच दिवशी जमला. पण गाडी जरा चालू लागली आणि तिनं ॲक्सिलरेटर दाबला, की गाडी आवंढा गिळल्यासारखी अडकायची, दोन गचके द्यायची आणि बंद पडायची. परत सुरू केली की परत तेच.

"वकीलसाहेब, बैलं आणू काय?" कुणीतरी ओरडलं. हशा झाला.

मला तो हशा माझ्यावरच आहे असं वाटलं. मी मोठ्यानं म्हणालो, "गाडी चालवून राहिली का मिरच्या कुटून राहिली?" आता लोक तिच्यावर हसले. मीही हसलो. ती गाडीतून उतरली आणि डोक्यावरचा पदर सारखा करत पायीच घरी गेली.

खरं सांगायचं तर गाडीचा तो आवंढा मलाही लागत होता. मोठ्या रस्त्याला वळताना गाडी क्षणभर दम खायची. पण मी पाय हलकेच, हळूहळू दाबायचो, त्यामुळे निभून जायचं. पेट्रोल खराब असेल असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. हे मला त्या पटांगणातही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टोव्हला पंप मारत होती. वर पाहिलं नाही, पण बोलली, "हळू दाबली तर चालते, झटक्यानं दाबली तर मरते. त्या गाडीत असा पंप हाय काय? याचा चमड्याचा वायसर सुकला की असंच होते. दांडा खाली जाते, पण जोर लागत नाई."

"मोटार म्हणजे स्टोव्ह नव्हे बाई," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. त्यानंतर तिनं गाडीचा विषय काढला नाही. पंधरा दिवसांतून एकदा हातात डबा घेऊन एस.टी.नं बाळापूरला जाऊ लागली.

पावसाळ्यानंतर एका खटल्यासाठी गाडी घेऊन अमरावतीला गेलो. तिथं एक वयस्क मिस्त्री जुन्या गाड्यांचा जाणकार होता. त्यानं प्लग पाहिले, पॉइंट पाहिले, मान हलवली. मग कार्बोरेटरवरचं झाकण काढून मला बोलावलं. इंजिन बंदच होतं.

"मी रेस दाबतो, तुमी आतमंदी पाहा. काय दिसते?"

"काही नाही."

"तेच तर! पेट्रोलची पिचकारी उडाली पायजे. हवा एकदम आत जाते, तवा पेट्रोलबी एकदम पायजे ना? नाई भेटलं तर गाडी दम टाकते."

त्यानं एक बारीक दांडा बाहेर काढला. त्याच्या टोकाला वाटीच्या आकाराचं कातडं होतं, वाळून आक्रसलेलं. "उभी राहून राहून चमडा सुकला. घरी स्टोव्ह हाय ना वकीलसाहेब? त्याच्या वायसराचा भाऊच समजा हा."

त्यानं ते कातडं तेलात भिजत टाकलं, चहा मागवला, मग अंगठ्यानं त्याची कड हळूहळू मोकळी केली आणि दांडा परत बसवला.  परतताना बडनेऱ्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर मी पाय एकदम दाबला. गाडी उसळून पुढे गेली. मूर्तिजापूरपर्यंत मी पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. एकदाही अडकली नाही.

मिस्त्रीला दाखवल्याचं ऐकून घरी तिनं विचारलं, "काय झालं होतं गाडीले?"

"काही नाही. मिस्त्रीला काही दोष सापडला नाही," मी म्हणालो.

कोर्टात मी लोकांना शपथेवर खरं बोलायला लावत असे. घरात चार शब्दांचं खरं मला बोलता आलं नाही. ते बोललो असतो तर पटांगणातलं हसणंही कबूल करावं लागलं असतं. असे पाच महिने गेले.

एका रविवारी सभा आटोपून परत येत होतो. दुपारचे दोन वाजले असतील. बाळापूर रस्त्याच्या फाट्यावर ती उभी दिसली, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातानं उन्हाला पदर धरलेला. मी गाडी थांबवली.

"तू तर सकाळी निघाली होती ना?"

"दोन गाड्या भरून गेल्या. थांबल्याच नाई."

मी तिला बसवलं आणि गाडी बाळापूरकडे काढली. दोन मैल गेल्यावर, समोर पाहतच, सगळं सांगितलं. वाळलेलं कातडं, मिस्त्रीचं बोलणं, माझा खोटेपणा. मलाही तो आवंढा आधीपासून लागत होता, हेही.  ती म्हणाली, "थांबवा."

मला वाटलं, आता ही उतरून चालू लागणार. ती उतरली, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि दार उघडलं. "सरका तिकडं. अन् डबा सांभाळा, वरण सांडन."

पहिल्यांदा गाडी बंद पडली.  "हे मात्र माही चूक," ती म्हणाली आणि हसली. किती दिवसांनी हसली होती! मग गाडी सुरळीत निघाली. बैलगाड्यांच्या मागे ती सबुरीनं थांबायची, रस्ता मोकळा झाला की दाबायची, आणि गाडी तिचं ऐकायची. मी मांडीवर डबा धरून बसलो होतो.

"माय वाट पाहून झोपली असन," मध्येच ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पाच महिने, अवो. पाच महिने मले वाटलं, माह्यातच काई कमी हाय."  

सासूबाई ओट्यावर जाग्याच होत्या. गाडीचा आवाज ऐकून चाचपडत पुढे आल्या. "जयभीम, जावईबापू. या."

"माय, मी आणली गाडी. मी!"

म्हातारीनं लेकीचे दोन्ही हात धरले, तळवे चाचपले, जणू हातांवरूनच खरं-खोटं कळणार होतं. मग विचारलं, "कोणं शिकवलं वं तुले?"

मी तोंड उघडलं होतं. पण माझ्याकडे न पाहता बायको म्हणाली, "यायनंच. दुसरं कोण शिकवन?"

सासूबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. मी मान खाली घालून उभा राहिलो. पुढे आठ वर्षं, दर पंधरा दिवसांनी लेक स्वतः गाडी घेऊन यायची आणि म्हातारी आल्यागेल्याला जावयाचं कौतुक सांगायची. मी ते ऐकून घेत राहिलो. त्यांना खरं सांगायचं राहूनच गेलं.